मॉरिस मायनरची पुढची बाजू आणि सांगलीचे मिस्त्री

सांगलीत गाडीच्या पुढच्या चाकांतून खडखड यायला लागली की गाडी मिस्त्रीकडे सोडायची, कट्ट्यावर चहा घ्यायचा आणि "संध्याकाळी येतो" म्हणून निघायचं. इंग्लंडात ही चैन परवडत नाही. साध्या गॅरेजातही मजुरी तासाला ६० पौंडांच्या खाली क्वचित असते, आणि गंजलेला बोल्ट किती तास खाईल हे कोणीच सांगत नाही. त्यामुळे जुन्या गाडीचा नाद असलेले इथले शिक्षक, डॉक्टर, पोस्टमन सगळे रविवारी गाडीखाली आडवे दिसतात. मीही त्यातलाच एक झालोय.

माझ्याकडे १९६७ची मॉरिस मायनर १००० आहे. हे मॉडेल १९४८ साली ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यातून बाहेर पडलं. त्याचा कर्ता अ‍ॅलेक इसिगोनिस. पुढे १९५९ साली मिनी काढणारा तोच. गाडी अरुंद दिसते म्हणून त्याने आयत्या वेळी नमुना मधोमध कापून चार इंच रुंद करायला लावला. बॉनेटवर मधे सपाट पट्टी दिसते ती त्याचीच खूण. दहा लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी. हिंदुस्थान मोटर्सने आपल्याकडे हीच गाडी 'बेबी हिंदुस्थान' म्हणून काढली होती, पण सांगलीत ती मी कधी पाहिली नाही. आपल्याला माहीत ती अँबॅसिडर, आणि तीही मॉरिसचीच लेक: ऑक्सफर्ड सीरिज ३ वरून घेतलेली. दोघींच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे. लांब पोलादी कांब. तिचं एक टोक चाकाच्या खालच्या आर्मला, दुसरं फ्लोअरखालच्या आडव्या पट्टीला, म्हणजे क्रॉसमेंबरला. चाक वर उचललं की कांब ओल्या धोतरासारखी पिळली जाते आणि परत उलगडते. आमच्या तात्यांनी सांगली स्टँडवरून कितीतरी वर्षं अँबॅसिडर टॅक्सी हाकली. त्यांना फोटो पाठवला तर उत्तर आलं, "ही तर आपलीच, जरा आखडलेली."

काम निघालं ते डाव्या चाकामुळे. गाडी डावीकडे ओढत होती, टायर आतल्या कडेने खात होता. इथे ४० वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. मला हा नियम पटत नाही. साठीला टेकलेल्या गाडीचीच तर जास्त तपासणी व्हायला पाहिजे.

तात्यांची टॅक्सी ज्यांच्याकडे असायची ते मिस्त्री अजून गॅरेजात बसतात. इथली दुपार म्हणजे तिथे संध्याकाळ, त्यांची कामं आवरलेली. व्हिडिओ कॉल लावला.

"मिस्त्री, चाक धरून हलवलं तर थोडा प्ले वाटतोय."

"थोडा म्हंजे किती? हातानं न्हाई कळायचं. चाक उचल, टायरखाली पहार घाल अन् वर दाब. आटं खाल्लं असलं तर पिन टकटक हलंल."

हलली. चांगली हलली.

मायनरचं मर्म इथेच आहे. किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनभोवती वळतं तिच्या, खालच्या टोकाला जाड आटे असतात आणि ते एका तुकड्यात फिरवून बसवलेले असतात. त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की पिन त्या आट्यांत थोडी फिरते. म्हणजे गाडीच्या पुढच्या कोपऱ्याचं वजनही आट्यांवर आणि वळणंही आट्यांवर. ग्रीस असेल तोवर बिनबोभाट चालतं. ग्रीस संपलं की पाणी शिरतं, आटे झिजतात आणि एके दिवशी पिन सुटून चाक मडगार्डखाली दुमडतं. बऱ्याचदा हे पार्किंगमध्ये, गाडी हळू असताना आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना होतं, हे नशीब. कंपनीच्या पुस्तकात दर ३,००० मैलांनी, म्हणजे साधारण ४,८०० किलोमीटरला, ग्रीस मारायला सांगितलंय. आधीच्या मालकाने बॉडीला दोनदा रंग मारला होता, ग्रीस भरायच्या निपलवर मात्र त्याच रंगाचा थर होता. तिथे ग्रीसगन कधी लागलेलीच नव्हती.

डावं ट्रनियन खोललं तेव्हा आतून ग्रीस नाही, तपकिरी पाणचट चिखल निघाला. आट्यांची माथी झिजून टोकदार झालेली. मिस्त्रींनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "पुरातल्या गाडीचं निघतं तसं हाय की ह्ये."

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा सांगलीत किती गाड्या बुडाल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाणी ओसरल्यावर सगळे इंजिन आणि वायरिंगच्या मागे लागले होते. मिस्त्री आधी ग्रीसगन घेऊन गाडीखाली जायचे आणि स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत मारत राहायचे, कारण नवीन ग्रीस आत गेल्याशिवाय आतलं पाणी निघत नाही. इथे पूर आला नव्हता. इथे थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ मारतात, आणि तेच खारं पाणी वर्षानुवर्षं चाकांतून उडत असतं.

खोलताना पान्यांनी पिडलं. गाडी इंचातली. सांगलीहून आणलेला १३चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर कसाबसा चालतो, पण ९/१६ला १४ जात नाही आणि १५ गरागरा फिरतो. शेवटी इंचातला सेट घेतला.

टॉर्शन बारशी मात्र दांडगाई चालत नाही. खालच्या आर्मखाली जॅक लावून ठेवायचा, वरचा जोड सोडवायचा आणि मग जॅक सावकाश उतरवत बारमधला पीळ जिरवायचा. घाईत सोडला तर आर्म नडगी फोडेल. डावा बार उजवीकडे लावायचा नाही, कारण दोन्ही बार आपापल्या दिशेने पिळायला सरावलेले असतात. त्यावर छिन्नीची खूण करायची नाही, ओरखडाही पडू द्यायचा नाही. तडा तिथूनच सुरू होतो. मी खुणा रंगाने केल्या.

सुटे भाग मिळण्यात हा देश खरंच सुखी. गाडीचं उत्पादन १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं, तरी किंगपिन, ट्रनियन, रबर बुश सगळं नवं पोस्टाने घरी येतं, डाव्या-उजव्याची चिठ्ठी लावून. जुन्या पद्धतीचा लिव्हरवाला शॉकअप तुमचा द्यायचा आणि दुरुस्त केलेला घ्यायचा. त्याऐवजी आधुनिक नळीचा शॉकअप लावायचं किटही मिळतं. मी घेतलं नाही. मायनरमध्ये लिव्हरचा दांडा हाच वरचा आर्म असतो, त्यामुळे किट लावलं तरी जुना शॉकअप तिथे राहतोच. मग दोन-दोन कशाला?

बुशांबाबत मिस्त्रींनी दोनदा बजावलं: बोल्ट नुसते अडकवून ठेव, गाडी चाकांवर उतरव, पुढून दाबून हलव, आणि मगच आवळ. चाक लटकत असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पुस्तकात हे एका ओळीत आहे, बारीक अक्षरात.

चारही टायरांना बाहेरून दोरी ताणून टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतला कल, जुळवलं, दोन्ही बाजूंची उंची मोजली. डावी बाजू अर्धा इंच खाली होती, ती बारच्या मागच्या टोकाच्या पट्टीवर एक भोक बदलून सारखी केली. आता गाडी सरळ जाते. खडखड थांबल्यामुळे मागचा करकर आवाज ऐकू यायला लागलाय. मिस्त्रींना ऐकवला तर म्हणाले, "पाटं (लीफ स्प्रिंग) हायत. क्लिप तुटली असंल, नाहीतर सेंटर बोल्ट. फोटो धाड, पण आधी माती झाड त्याची."