आकृती ४ मधलं ॲक्टिन

पेशीजीवशास्त्राच्या एका जर्नलमध्ये छपाईआधीची चित्रतपासणी माझ्याकडे असते. त्या दिवशी आलेला निबंध परीक्षकांनी केव्हाच पास केला होता, संपादकांना तो संध्याकाळपर्यंत मोकळा करून हवा होता.

वेस्टर्न ब्लॉट म्हणजे नमुन्यांतली प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून, मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवून, हवं ते प्रथिन अँटिबॉडीने दाखवायची चाचणी. तिचं चित्र नुसतं बघून काही कळत नाही. फोटोशॉपच्या ‘लेव्हल्स’मध्ये पार्श्वभूमी गडद केली की दडलेले ओरखडे वर येतात. (फार दाबलेल्या जेपेगमध्ये नुसत्या चौकटी दिसतात, म्हणून टिफ मागायची.) ॲक्टिन हे पेशींत साधारण सारखंच असणारं प्रथिन, सगळे नमुने सारखे भरलेत हे दाखवायला त्याची पट्टी देतात. आकृती ४ च्या ॲक्टिनमध्ये डावीकडून दुसऱ्या लेनवर (एका नमुन्याच्या उभ्या रांगेवर) एक तिरपा ओरखडा होता. आकृती २ मध्ये तोच, पण उजवीकडून दुसऱ्या लेनवर. एक पट्टी आडवी उलटवली, दुसरीवर ठेवली, ब्लेंडिंग ‘डिफरन्स’ केलं. जवळजवळ सगळं काळं, म्हणजे दोन्ही चित्रं जवळपास एकच.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ निबंध चाळले, तेव्हा ३.८ टक्क्यांत चित्रांचा घोळ सापडला. सरळ नक्कल चुकून होऊ शकते, उलटवलेल्या पट्टीवर जास्त संशय येतो. इथे मात्र बँडच्या (प्रथिनाच्या गडद डागाच्या) कडांना राखाडी सावली उरली होती. फाइलच उलटवली असती तर ती उरली नसती. हे दोन वेगळे स्कॅन होते. ब्लॉट ज्या एक्स-रे फिल्मवर उमटवतात ती पारदर्शक असते, स्कॅनरवर पालथी पडली तरी कळत नाही.

तरी ॲक्टिन त्याच मेम्ब्रेनवरचं आहे का ही शंका राहिलीच, कारण निबंधातलं प्रथिन ४५ किलोडाल्टनचं (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) आणि ॲक्टिन ४२ चं. इतके जवळचे दोन बँड एकच मेम्ब्रेन कापून वेगळे करता येत नाहीत. दुपारच्या पत्रात मार्करसकट (आकार ओळखायच्या खुणांसकट), न कापलेल्या सगळ्या फिल्म मागवल्या.

चौथ्या दिवशी आल्या. फिल्म खरंच पालथी स्कॅन झाली होती. पण तिच्या कोपऱ्यात पेनने लिहिलेली तारीख आकृती २ च्या प्रयोगाची होती, आणि आकृती ४ च्या मेम्ब्रेनवर ॲक्टिन कधी लावलंच नव्हतं. म्हणजे नमुने सारखे भरले होते याला पुरावाच नाही, आणि आकृती ४ चा निष्कर्ष तर प्रथिन निम्म्याने घटल्याचा!

छपाई थांबवली. लेखकांना जेल पुन्हा चालवायला सांगितलं: अँटिबॉडीआधी मेम्ब्रेनवरची सगळी प्रथिनं दाखवणाऱ्या पाँसो रंगाचा फोटो काढा, आणि नमुने सारखे भरल्याच्या कंट्रोलला ॲक्टिनऐवजी विंक्युलिन हे प्रथिन घ्या, ते १२० किलोडाल्टनच्या आसपास येतं, मेम्ब्रेन मधोमध कापता येते.