शिष्टाचाराची छापील शाळा

आज दुपारभर इंग्लिश संपादिका इझाबेला बीटन यांचा १८६१ सालचा गृहव्यवस्थापनावरील जाडजूड ग्रंथ वाचत होते. औपचारिक भेट १५ ते २० मिनिटांत आटोपावी, भेटीत शाल आणि टोपी उतरवू नये, इतक्या बारकाईने त्यात सांगितले आहे. एरवी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून कळणारी ही माहिती इंग्लंडमधील नव्याने सुस्थितीत आलेल्या मध्यमवर्गाला छापील रूपात हवी होती. शिवाय १८५५मध्ये वृत्तपत्रांवरील मुद्रांक शुल्क आणि १८६१मध्ये कागदावरील कर रद्द झाल्याने छपाईचा भारही हलका होत होता. मला सर्वांत भावली ती त्यांची सूची: परिच्छेदांना क्रमांक देऊन, गृहिणीला हवे ते चटकन सापडावे अशी रचलेली. पंचविशीतल्या संपादिकेचे हे काम मला विश्वकोशाच्या तोडीचे वाटते.