विंकेवेनची तळी आणि आप्पांचे प्रश्न

ए-२ महामार्गावरून अ‍ॅमस्टरडॅमहून युट्रेख्टकडे जाताना विंकेवेन हे तळ्यांचं गाव लागतं. उन्हाळ्यात इथे होड्यांची नुसती गर्दी. आप्पांना घेऊन गेलो, बॅटरीवरची होडी भाड्याने घेतली. बसल्या बसल्या आप्पांनी विचारलं, "धरण कधीचं?"

धरण नाही, खणलंय, म्हटलं.

"मग माती कुठं गेली?"

जाळली.

साताऱ्याकडच्या शेतकऱ्याला हे पटणं अवघडच. इथली जमीन म्हणजे पीट: हजारो वर्षं दलदलीत पुरती न कुजता साचलेल्या वनस्पतींचा थर. वाळवला की आपल्या गोवऱ्यांसारखा जळतो. लाकडाची वानवा असलेल्या हॉलंडात घरच्या चुली, दारूच्या भट्ट्या, विटांच्या भट्ट्या यावरच चालायच्या. वरचा थर संपला, तसे सोळाव्या शतकापासून लोक लांब दांड्याला जाळी लावून पाण्याखालचा गाळ उपसू लागले. तो कालवायचा, तुडवायचा, मधे राखलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांवर पसरून वाळवायचा आणि मग वड्या पाडायच्या. त्या पट्ट्यांना लेगआकर म्हणतात. पाण्यात लांबच लांब समांतर दिसतात त्या याच; बऱ्याच पट्ट्यांवर आता सुट्टीची टुमदार घरं आहेत.

लोभ सुटला की पट्टे अरुंद ठेवायचे, खड्डे रुंद करायचे. मग वारा सुटला की लाटा पट्टेच खायच्या आणि दोन खड्ड्यांचं एक तळं व्हायचं. शेजारच्या लोसद्रेख्टला तर मोठमोठे पट्टे असेच वाहून गेले. आप्पांना ही गोष्ट लगेच समजली. "बांध कोरला की असंच," म्हणाले. गावाकडचा एक जुना वाद त्यांच्या डोक्यात असणार. मी विषय वाढवला नाही.

पुढे विसाव्या शतकात बांधकामासाठी तळातली वाळूही काढली. त्यामुळे पीटची तळी एरवी दोन-तीन मीटरच खोल असली, तरी इथे काही ठिकाणी तळ जवळपास ५० मीटरवर आहे. पाणबुडे सरावाला येतात ते त्यासाठीच. लाटा अडवायला वाळूची बेटं केली आहेत, पोहणाऱ्यांची झुंबड तिथेच.

मुलं बरोबर असतील तर बेटाच्या काठालाच खेळू द्या, तिथून पुढे तळ एकदम खाली जातो. आणि वारा असेल त्या दिवशी उत्तरेकडच्या मोठ्या तळ्यात छोटी होडी नेऊ नका, आम्ही पट्ट्यांच्या आडोशानेच फिरलो. आप्पा मात्र प्रत्येक घराशेजारून जाताना विचारत होते, "गुंठ्याला काय भाव असेल गं?"