कार्पेटखालचा गाळ

२०२४ च्या जून महिन्यात राधानगरी भागातले एक शिक्षक आपली डिझेल हॅचबॅक घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील माझ्या गॅरेजात आले, तेव्हा त्यांच्या हातात चावीबरोबर बिलांची एक फाईलही होती. नवी बॅटरी, डायनामोची दुरुस्ती, फ्यूज बॉक्सची साफसफाई आणि शेवटी डॅशबोर्डवरचे संपूर्ण मीटर व बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, वायपर वगैरे सांभाळणारा छोटा संगणक) बदलण्याचे पन्नास हजारांच्या वरचे एस्टिमेट, असा त्या फाईलचा चढता क्रम होता. एवढे होऊनही तक्रार जिथल्या तिथेच होती. चालत्या गाडीत मीटरचे सगळे काटे एकदम खाली पडत, स्टिअरिंग जड होई, एअरबॅगचा आणि स्टिअरिंगचा दिवा लागे; इंजिन मात्र चालूच राही आणि काही क्षणांत सारे पूर्ववत होई. आदल्या आठवड्यात रात्रीच्या पावसात, वळणावरच, असे झाल्यावर सरांनी गाडी बाहेर काढणे बंद केले होते.

माझ्या अनुभवात अशा तक्रारीत स्कॅनर (गाडीतल्या संगणकांनी नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) जोडण्याआधी गिऱ्हाईकाला बोलू द्यावे, आणि गाडीत शेजारी बसणाऱ्या माणसालाही. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर असते. सरांच्या मते हा बिघाड पावसामुळे होत होता. त्यांच्या पत्नी मात्र म्हणाल्या, "पाऊस नसला तरी होतंय बघा. काचेवर धुकं आलं म्हणून मी ब्लोअर चारवर केला, की लगेच मीटर जातंय." या एका वाक्याने माझे निम्मे काम हलके केले. पाऊस, धुके, ब्लोअर, वायपर आणि हेडलाईट या सगळ्या गोष्टी रात्री एकत्र येतात. त्यांतली नेमकी कोणती बिघाडाशी जोडलेली आहे हे वहिनींनी आधीच वेगळे करून ठेवले होते.

बॅटरी आणि डायनामो यांचा प्रश्न लवकर मिटला. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, सेल्फ मारताना ती १०.४ च्या खाली गेली नाही आणि सगळे दिवे, ब्लोअर, वायपर चालू असताना चार्जिंग १३.९ व्होल्ट होते. म्हणजे वीज तयार होत होती, साठतही होती. ती गाडीच्या काही भागांपर्यंत पोहोचून परत येण्यात कुठेतरी अडत होती.

स्कॅनरवर इंजिनच्या कंट्रोलरमध्ये यू ०१४० आणि यू ०१३१ हे दोन कोड साठलेले मिळाले. पहिल्याचा अर्थ बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटला, दुसऱ्याचा अर्थ पॉवर स्टिअरिंगच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. आधीच्या ठिकाणी या कोडचे वाचन 'मॉड्यूल खराब' असे झाले होते, आणि तिथेच गल्लत होती. तक्रार नोंदवणारा त्या क्षणी जिवंत असतो. ज्याच्याविषयी तक्रार आहे तो गप्प झाला एवढेच कोड सांगतो, का गप्प झाला ते सांगत नाही. दोन वेगळी मॉड्यूल एकाच क्षणी गप्प होत असतील, तर दोन्ही एकदम बिघडली असे मानण्यापेक्षा त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधणे शहाणपणाचे असते. सामाईक गोष्टी तीन असू शकतात: मॉड्यूल ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या संदेशाच्या दोन तारा, फ्यूजमागून येणारा सप्लाय आणि अर्थ, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी अर्थिंगची वाट.

संदेशाच्या तारा तपासणे सोपे आहे. बॅटरीचे टर्मिनल काढून स्कॅनर जोडतात त्या डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजला, तर तो साठ ओहमच्या आसपास यायला हवा, कारण या संदेशाच्या तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध समांतर जोडलेले असतात. तो तसाच आला, आणि हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हलवूनही बदलला नाही. सप्लायच्या बाजूला मॉड्यूलच्या पिनपर्यंत बॅटरीइतकेच व्होल्ट मिळत होते. उरला अर्थ.

अर्थ आधीही तपासला गेला होता, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण आधीच्या मिस्त्रीने आळस केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. डाव्या सीटसमोर पायाजवळच्या पॅनेलमागे बॉडीला बोल्टने आवळलेला अर्थचा लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला दिसत होता. मल्टिमीटरने ओहमवर मोजले तर मॉड्यूलच्या अर्थ-पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत रोध जवळपास शून्यच येत होता. पण हे मोजमाप बंद गाडीत, नगण्य करंटवर होते. तारेतला एखादाच पदर शाबूत असला तरी ओहम मीटर खूश असतो. म्हणून मीटर व्होल्टवर ठेवून एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा मॉड्यूलच्या अर्थ-पिनवर लावला, इंजिन चालू केले आणि वहिनींनी सांगितल्याप्रमाणे ब्लोअर चारवर नेला. चांगल्या अर्थवर इथे ०.१ व्होल्ट, फार तर ०.२ दिसावेत. मीटरने १.८ दाखवले. तळहाताने पॅनेलवर थाप मारली तेव्हा मीटरच्या कमाल नोंदीत पाचच्या वरचा आकडा आला आणि त्याच क्षणी डॅशबोर्ड काळा पडला. सर शेजारीच उभे होते; बिघाड मागणी केल्याबरोबर हजर झालेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

हिशेब केला तर प्रकार आणखी स्पष्ट होतो. तारेभोवती लावून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर त्या तारेतून सुमारे १८ अँपिअर वाहत होते. १.८ व्होल्टना १८ ने भागले तर ०.१ ओहम येतो. आपल्या साध्या मल्टिमीटरच्या प्रोबच्या तारांचाच रोध त्याहून जास्त असतो, मग तो ओहमवर कसा दिसणार? उलट त्याच जागी ३२ वॉटच्या आसपास उष्णता तयार होत होती, म्हणजे सर्किटवर काम करताना आम्ही वापरतो त्या पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नहून जास्त. एवढी ऊब बंद जागेत रोज मिळाली की जोड आणखी सैल होतो, रोध वाढतो आणि ऊबही वाढते. हळूहळू चाललेली ही झीज चालवणाऱ्याला अचानक वाटते, कारण मॉड्यूल ठरावीक व्होल्टपर्यंत तग धरते आणि त्याखाली गेले की एकदम बंद पडते.

लग स्वच्छ होता, तरी व्होल्ट पडत होते. मग प्रोब तारेवर पुढे-पुढे सरकवत गेलो. लगजवळ ०.०३ व्होल्ट, आणि कार्पेटखाली उतरलेल्या टेपच्या गुंडाळीपलीकडे एकदम १.८. डाव्या सीटचे बोल्ट काढून माझ्या हाताखालच्या मुलाने कार्पेट उचलले. खालच्या फोमला ओलसर, कुबट वास होता आणि पत्र्याच्या खोलगट भागात तपकिरी, मैद्यासारख्या बारीक कणांचा थर वाळून बसला होता. हा पायांनी येणारा लाल मातीचा कचरा नव्हता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पंचगंगेच्या काठच्या गावात पुराचा हा गाळ ओळखायला शिकवावे लागत नाही.

टेप उलगडल्यावर कारखान्यातच मारलेला तारांचा एक जोड मिळाला. चार तारांची तोंडे एकत्र दाबलेली, त्यांवर हिरवा चुरा, आणि इन्सुलेशन उष्णतेने तपकिरी झालेले. तार सोलत गेलो तसे तांबे आतपर्यंत काळे निघाले, कारण बारीक पदरांच्या फटींतून पाणी वातीसारखे वर चढते आणि बाहेरून वायर कोरडी दिसली तरी आत कुजत राहते.

यानंतरची तपासणी बिघाडाची राहिली नाही, गाडीच्या इतिहासाची झाली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तेव्हा एरवी गुंडाळलेल्या भागावर गाळाची आडवी रेघ मिळाली. सीटच्या रुळांखालचे स्क्रू गंजलेले होते आणि स्टेपनीच्या खळग्यात तोच तपकिरी थर होता. रेघेच्या उंचीवरून पाणी सीटच्या बैठकीपर्यंत आले असावे. इंजिनचा कंट्रोलर त्याहून बराच वर असल्यामुळे तो वाचला आणि गाडी सुरळीत चालत राहिली. गाडी २०१८ ची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, जिथे ४३ फुटांनाच धोक्याची पातळी मानतात. सरांनी गाडी २०२३ च्या दिवाळीत एका एजंटाकडून 'सिंगल ओनर' म्हणून घेतली होती.

त्यांना हे सांगणे मीटर लावण्यापेक्षा अवघड होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी विचारले, "मिस्त्री, एवढा जोड नीट केला तर गाडी नीट होईल ना?" मी म्हणालो, "सर, हा जोड नीट होईल. पण पाणी काही एवढ्या जोडालाच लागलेलं नाही."

कुजलेला भाग कापून चकचकीत तांबे मिळेपर्यंत मागे गेलो, त्याच जाडीची नवी तार घातली, नवे लग क्रिम्प करून (पकडीने दाबून) त्यावर आतून डिंक असलेली, गरम केल्यावर आवळणारी श्रिंक नळी चढवली आणि अर्थ कार्पेटखालून न नेता वरच्या बाजूने बॉडीला दिला. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, म्हणून नुसते सोल्डर मारून टेप गुंडाळण्याचा मोह अशा ठिकाणी टाळावा. पुन्हा ब्लोअर चारवर, हेडलाईट, वायपर सगळे चालू केले: ०.०५ व्होल्ट. मीटर जोडलेला ठेवूनच कळंब्याच्या पुढे खराब रस्त्यावर गाडी फिरवून आणली; आकडा हलला नाही.

एअरबॅगचा दिवा मात्र पुन्हा लागला. तिचे मॉड्यूल दोन सीटांच्या मधे, थेट गाडीच्या तळाच्या पत्र्यावर बसवलेले असते. बॅटरीचे निगेटिव्ह काढून काही मिनिटे थांबल्यावरच, कारण त्या मॉड्यूलमध्ये चार्ज शिल्लक राहतो, पिवळा कनेक्टर सोडवला. दोन पिनांची टोके खाल्ली गेली होती. पुराच्या वेळी बॅटरी जोडलेली राहिली तर गढूळ पाण्यातून शेजारच्या पिनांमध्ये करंट वाहतो आणि पॉझिटिव्ह बाजूचा धातू झिजून जातो. इतर मॉड्यूलच्या पिना मी साफ करून पाहिल्या असत्या. एअरबॅगच्या बाबतीत मी ते करत नाही. नवे मॉड्यूल मागवावे लागेल आणि ते बसेपर्यंत या गाडीला एअरबॅग नाही असेच समजून चालवावी, असे सरांना सांगितले.

सरांनी ग्राहक आयोगाकडे जायचे ठरवले होते आणि खरेदीपासून दोन वर्षांची मुदत अजून संपलेली नव्हती. प्रत्येक जागेचे फोटो, दोन्ही वेळचे व्होल्टचे आकडे आणि कापलेला जोड मी पिशवीत घालून त्यांच्या फाईलला जोडला. बिलावर 'महापुरात बुडालेली गाडी' असे लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. मी बैठकीपर्यंत पाणी शिरल्याच्या खुणा आढळल्या एवढेच लिहिले, कारण ते पाणी कोणत्या वर्षीचे आणि कुठले, हे मी मोजलेले नव्हते; ते शोधण्यासाठी विमा कंपनीकडचा क्लेमचा आणि सर्व्हिस सेंटरमधला जुना इतिहास मागवा, असे सुचवले. त्याखाली, उर्वरित वायरिंगची हमी देता येत नाही, हेही लिहून सही केली.