अख्खा पिक्चर

जुना पिक्चर दुरुस्त होऊन चकत्यांच्या नव्या, देखण्या डब्यात निघणार अशी बातमी आली, की बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर सरळ दोन तट पडतात. पहिल्या तटाचं म्हणणं, बघितलाय की रे सगळ्यांनी, आता काय त्याची आरती करायची? दुसरा तट अजून न निघालेल्या डब्यात काय काय असेल ते मोठ्यानं मोजायला लागतो. फोर-के म्हणजे अतिबारीक तपशिलाचं स्कॅन, पिक्चर चालू असताना दिग्दर्शकानं केलेली कॉमेंट्री, कापलेले सीन, पोस्टरची नक्कल, जाडजूड पुस्तिका, आणि मूळ मोनो साउंड. "म्हणजे एकाच भोंग्यातनं येणारा आवाज ऐकूस जास्त पैसे?" असं पहिल्या तटातल्या एकानं विचारलं तेव्हा आमच्याकडचे सगळे एकदम बोलायला लागले आणि त्याला काहीच कळलं नाही.

मी दुसऱ्या तटातला. घरात या छंदाला किंमत शून्य आहे. "तेच पिक्चर आणि किती वेळा बघूस पायजे तुला? मोबाईलवर फुकट येतंय की!" ही आमच्या मामीची तक्रार. मामीचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. फुकट येतंय हे खरं. पण ते जे येतंय ते बहुतेक वेळा कुठल्यातरी व्हीसीडीवरून उचललेलं असतं, आणि व्हीसीडीचं चित्र म्हणजे 352 गुणिले 288, जेमतेम एक लाख ठिपके. फोर-केच्या पडद्यावर ते 83 लाखांच्या आसपास भरतात. एका लाखात हिरॉइनचं नाक कुठे संपलं आणि गाल कुठे सुरू झाला हे आपण श्रद्धेनंच ठरवायचं.

तरी त्या व्हीसीडींवर माझा राग नाही. एका चकतीत सव्वा तासाच्या आसपास मजकूर मावायचा, म्हणून पिक्चर दोन चकत्यांत, लांबला तर तीन. पहिली चकती कुठे संपेल याला कथेचं बंधन नव्हतं. व्हिलननं कोयता उचलला की पडदा निळा. मग कुणीतरी उठायचं, दुसरी चकती बनियनला पुसायची, खालच्या बाजूला बोट लागू न देता कडेनं धरून प्लेअरमध्ये ठेवायची, आणि ती घुर्र घुर्र करत वाचली जाईपर्यंत घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखायचा. 2007 च्या सुमारास मोझर बेअरनं 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी काढली तेव्हा तर खडेबाजारातून भाजीबरोबर पिक्चर घरी यायला लागले. त्या 34 रुपयांच्या डीव्हीडींनी आमच्या पिढीला जेवढे जुने पिक्चर दाखवले तेवढे कुठल्या फिल्म सोसायटीनं दाखवले नसतील. आज त्या कंपनीचं दिवाळं निघालंय, आणि माझ्या कपाटातल्या चकत्यांपैकी निम्म्या आता वाचत नाहीत.

पण खरी गंमत व्हीसीडीच्याही आधीची आहे. आमच्या गावात मराठी पिक्चर यायचा तो पुण्या-कोल्हापुरात चालून दमल्यावर. "पेटी आली काय?" हा तेव्हाचा प्रश्न. पत्र्याच्या पेटीतून रिळं यायची. एका हजार फुटी रिळात सुमारे अकरा मिनिटांचा पिक्चर. प्रोजेक्टरमध्ये फिल्म तुटली की ऑपरेटर दोन्ही बाजूंची फाटकी फ्रेम कापणार, उरलेली टोकं चिकटवणार आणि पुढे चालू. सेकंदाला चोवीस फ्रेम, त्यामुळे दोन-चार गेल्या तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही. पण अशा दोन-चार प्रत्येक गावात गेल्या तर? रिळाची सुरुवात आणि शेवट सगळ्यात जास्त घासला जायचा, म्हणून गाणी मुखड्याऐवजी मधूनच सुरू व्हायची आणि संवादाचा शेवटचा शब्द बेळगावला पोहोचायचाच नाही. शहरातल्या ग्लोब, चित्रा, अरुण, कपिल या पडद्यांवरून उतरून तोच पिक्चर पुढे जत्रेतल्या तंबूत जाईपर्यंत त्याचं काय होत असेल ते विचारू नका.

माझे वडील आणि कोल्हापूरचे मामा यांच्यात एका तमाशापटावरून वर्षानुवर्षं वाद होता. मामा म्हणायचे, विहिरीवरचा सीन फार भारी. वडील म्हणायचे, भावजी, त्या पिक्चरमध्ये विहीरच नाही. पुढे कधीतरी डीव्हीडी आली. तीत विहीर निघाली, चांगली चार मिनिटांची. वडिलांनी ती शांतपणे बघितली आणि म्हणाले, "असेल. पण आमच्याकडं नव्हती." दोघंही इतकी वर्षं खरंच बोलत होते. विहीर कोल्हापूरपर्यंत होती, बेळगावच्या वाटेवर कुठेतरी बुजली.

म्हणून मला वाटतं, या विशेष आवृत्त्यांवर माणसं तावातावानं भांडतात तेव्हा प्रश्न एकच असतो. खरा पिक्चर कुठला? दिग्दर्शकानं केला तो, सेन्सॉरनं सोडला तो, की आपण बघितला तो?

'शोले'चंच घ्या. 15 ऑगस्ट 1975 ला तो लागला तेव्हा ठाकूर गब्बरला तुडवत असतानाच पोलीस येऊन त्याला थांबवतात. मुळात ठाकूर त्याला मारतोच, पण आणीबाणीचे दिवस, निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालला नाही. फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्सनी मिळून हा पिक्चर दुरुस्त केला, त्यासाठी काही रिळं इंग्लंडमधल्या गोदामात सापडली, आणि 2025 च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात तो मूळ शेवटासकट दाखवला गेला. डिसेंबरमध्ये आपल्याकडच्या थिएटरातही आला. आता त्याचा डबा कसा निघावा यावर आमच्यात दोन मतं. एकाला दोन्ही शेवट एकाच डब्यात हवेत. दुसरा म्हणतो, "पन्नास वर्षं पोलिसांनी गब्बरला धरलं म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या, त्या काय परत द्यायच्या?" मी पहिल्याच्या बाजूचा. तरी दुसऱ्याचं बोलणं मनातून जात नाही.

मग दाण्याचा वाद. फिल्मवरचं चित्र चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांतून उमटतं, त्यामुळे मोठ्या पडद्यावर त्यात एक सतत हलणारी रवाळ थरथर दिसते. तिला हे लोक ग्रेन म्हणतात. काही कंपन्यांना ती घाण वाटते. त्या कॉम्प्युटरवर बटण दाबून ती पुसून टाकतात आणि नटांचे चेहरे मेणाचे होतात. सुरकुती जाते, घाम जातो, निळू फुल्यांच्या डोळ्यांखालची ती बेरकी सावलीसुद्धा जाते. बेळगावच्या बासमतीला पॉलिश मारून मारून वास घालवावा, त्यातला हा प्रकार. गिऱ्हाइकाला पांढरा शुभ्र दाणा मिळतो, फक्त भात शिजल्यावर शेजारच्या घरी कळत नाही. आमच्यातला एकजण दोन आवृत्त्यांचे फोटो मोबाईलवर शेजारी शेजारी ठेवून बोटांनी चेहरा मोठा करत नेतो, नाकपुडीपर्यंत, आणि मग विजयानं फोन सगळ्यांत फिरवतो. नऊवारीचा लाल रंग मूळचा केवढा लाल होता यावर तर रात्री साडेअकराला फोन आलेले आहेत. मूळचा लाल बघितलेला माणूस आमच्यात एकही नाही.

रंग आणि दाणा ही श्रीमंतांची भांडणं झाली. आपल्यासमोर आधी कुलूप असतं. ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीच्या पुढची चकती, आणि तिचं जग तीन भागांत वाटलेलं आहे. अमेरिका, जपान ए, युरोप बी, आणि आपण सी. अमेरिकेत क्रायटेरियन नावाची कंपनी आहे. 1984 पासून हाच धंदा, आधी मोठ्या थाळ्यांएवढ्या लेसर डिस्क, आता ब्लू-रे. जगभरच्या जुन्या सिनेमावाल्यांची पंढरी ती. पण तिची ब्लू-रे आपल्याकडच्या साध्या प्लेअरमध्ये घातली तर तो फक्त एक पाटी दाखवतो, की ही चकती तुमच्या प्रदेशासाठी नाही. सीमाभागातल्या माणसाला असली पाटी अगदीच नवीन नाही म्हणा. फोर-के डिस्कला हे कुलूप नाही, हा मोठा दिलासा, फक्त तिची छापील किंमत बरेचदा 49.95 डॉलर, वर टपाल, वर कस्टम. मामीसमोर हा आकडा रुपयांत सांगायची आमची अजून हिंमत झालेली नाही. पार्सल आलं तर "ऑफिसचं काहीतरी" आहे.

इतका खटाटोप कशासाठी, याचं उत्तर द्यायची वेळ आली की मी सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीची गोष्ट सांगतो. 1993 मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली आणि त्या तिन्ही चित्रपटांच्या निगेटिव्ह भाजून निघाल्या. कुणीही कचऱ्यात टाकल्या असत्या. त्या राखून ठेवल्या गेल्या. वीसेक वर्षांनी बोलोन्यातल्या कारागिरांनी ती कुरकुरीत झालेली फिल्म ओलावा देऊन मऊ केली, कडेची भोकं हातानं सांधली, वितळलेली चिकटपट्टी खरवडली. तिघांतल्या 'पथेर पांचाली'चा जवळजवळ चाळीस टक्के भाग त्या जळक्या निगेटिव्हमधून परत मिळाला. बाकीचा जगभरच्या चांगल्या प्रतींतून जमवला. 2015 मध्ये डबा निघाला. हे ऐकून पहिला तट जरा वेळ गप्प बसतो.

मग हमखास प्रश्न येतो, आणि तो बरोबरच आहे. आपलं काय?

आपलं म्हटलं तर कोल्हापूर. इथून दोन तासांवर. प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये तिथे सुरू झाली, 'अयोध्येचा राजा' 1932 मध्ये तिथेच झाला, पुण्याला ती नंतर गेली. त्याच्याही आधी बाबूराव पेंटरांनी 1925 मध्ये 'सावकारी पाश' केला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची जमीन सावकार कशी गिळतो त्याचा तो मूकपट, आणि शेतकरी झालेले तरुण व्ही. शांताराम. त्याचा डबा निघणार नाही, कारण डब्यात घालायला पिक्चरच शिल्लक नाही. आपल्याकडे तेराशेच्या वर मूकपट झाले, त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले तीसही भरत नाहीत. जुन्या फिल्ममधून चांदी काढून विकायचे. जी नायट्रेटची फिल्म उरली ती पेटायची. 2003 च्या जानेवारीत पुण्यात अशाच एका साठ्याला आग लागली. पहिला बोलपट 'आलम आरा' तर कुणाकडेच नाही.

उरलं त्यातलं थोडं सावरलं जातंय. 'पिंजरा' स्वच्छ करून 2016 मध्ये पुन्हा थिएटरात आणला होता. माझी आई मैत्रिणींना घेऊन गेली आणि परत आल्यावर म्हणाली, डॉ. लागूंच्या फेट्याचा रंग आत्ता कळला. एवढ्या एका वाक्यासाठी मी पुस्तिकेतलं पान राखून ठेवलं असतं. पण पुस्तिकाच नाही. कॉमेंट्री नाही, कापलेले सीन नाहीत, जगदीश खेबुडकरांच्या गाण्यांवर कुणाची अर्ध्या तासाची मुलाखत नाही.

आमच्यात एक गोकाकचा कन्नड मित्र आहे. तो या क्षणी खिशातून हुकमाचं पान काढतो. गिरीश कासरवळ्ळींचा 1977 चा 'घटश्राद्ध' दुरुस्त होऊन 2024 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. "तुमचं काय चाललंय बघा की," असं तो करदंट चघळत म्हणतो. मी त्याला व्हेनिसलाच 1937 मध्ये गाजलेल्या 'संत तुकाराम'ची आठवण करून देतो. तो म्हणतो, "ते तेव्हाचं झालं, मी आत्ताचं विचारलो." मग दोघं मिळून ठरवतो की डबा कुठलाही निघो, त्यात कन्नड आणि मराठी दोन्ही सबटायटल्स पाहिजेत. इंग्रजी वाचत वाचत शेजाऱ्याचा पिक्चर बघायचा म्हणजे फारच झालं.

दरम्यान आम्ही एक डबा कागदावर तयार करून ठेवलाय. पिक्चर कुठला ते ठरलेलं नाही, त्यावर भांडण चालू आहे. बाकीचं पक्कं आहे. पहिल्या चकतीवर दुरुस्त केलेला पिक्चर, दाणा शाबूत, आवाज मोनो. कॉमेंट्री दिग्दर्शकाची नको, ते लोक फार सभ्य बोलतात. ती एखाद्या निवृत्त ऑपरेटरची घ्यायची. कुठल्या रिळाला कुठे जोड होता, कुठल्या गाण्याला थर्डातून चिल्लर यायची, शेवटच्या शोला ऑपरेटरची गाडी चुकू नये म्हणून नेमकं कुठलं रीळ गाळलं जायचं, हे त्यानं त्या त्या जागी सांगायचं. दुसऱ्या चकतीवर 'बेळगाव प्रत'. म्हणजे तोच पिक्चर, पण आमच्याकडे आला होता तसा, अर्धवट मुखड्यांसकट आणि विहिरीशिवाय. ही कल्पना वडिलांना सांगितली. म्हणाले, विहिरीचीच चकती घे बाबा, ती एकदाच बघितलीय.