कबुतर, बॅग आणि आत्या

विमानतळाच्या प्रस्थान कक्षात एक कबुतर मुक्कामाला होते. ते आत कसे शिरले हे कोणाला ठाऊक नव्हते आणि बाहेर पडण्याची घाई त्यालाही दिसत नव्हती. पाठीमागे हात बांधून फेरफटका मारणाऱ्या निवृत्त साहेबाच्या डौलात ते खुर्च्यांच्या रांगांखालून इकडून तिकडे जात होते आणि कोणाच्या हातून काही सांडले की तेवढ्यापुरते थांबत होते. त्या संपूर्ण कक्षात मनाप्रमाणे प्रवास करणारा तो एकच जीव होता.

सुट्टीच्या हंगामात प्रवास करायचा नाही असे मी दर वर्षी ठरवते आणि दर वर्षी दादा मला न विचारता तिकिटे काढून मोकळा होतो. या खेपेस दादा, वहिनी, नऊ वर्षांची भाची आणि मी असे चौघे निघालो होतो. विमान सुटण्याची वेळ आधी ३० मिनिटांनी, मग ४० मिनिटांनी आणि त्यानंतर कोणतेही कारण न देता आणखी ४५ मिनिटांनी पुढे गेली. मोठी फाइल कॉपी करायला लावली की पडद्यावरची पट्टी ‘२ मिनिटे शिल्लक’ असे सांगते आणि पुढची वीस मिनिटे तेच सांगत राहते. ती पट्टी लिहिणाऱ्यांनीच फावल्या वेळात विमानतळांचे फलक चालवायला घेतले असावेत, असा माझा जुना संशय आहे.

शेवटी ‘तांत्रिक कारणास्तव’ अशी घोषणा झाली. हे शब्द ऐकून इतर प्रवासी धास्तावतात, मला मात्र परक्या गावात ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटते. त्या आनंदाच्या भरात मी दादाला बोइंग ७८७ ची गोष्ट सांगितली. या विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिला, तर जनित्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सगळ्या यंत्रणांमधला एक आकडा एकाच वेळी मर्यादेबाहेर जातो आणि विमानातली वीज जाऊ शकते, असे २०१५ मध्ये लक्षात आले. त्यावर अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकांनी काढलेला तातडीचा आदेश, सगळे जडजड शब्द बाजूला काढले तर, ‘बंद करून पुन्हा चालू करा’ एवढाच होता. सेकंदाच्या शंभराव्या भागांत २४८ दिवस मोजत गेले की आकडा २ च्या ३१ व्या घातापाशी येऊन पोचतो आणि ३२ बिटांच्या पूर्णांकाची धनबाजूची कमाल मर्यादा तीच, हेही मी बोटे मोडत समजावून सांगितले. वहिनी शांतपणे म्हणाली, “ताई, हे आपण उतरल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं.”

मी गप्प बसले आणि तेवढ्यात ते कबुतर आमच्या सामानाच्या ढिगाऱ्यापाशी येऊन थांबले. त्याने एक पाय वर घेतला, आमच्याकडे तिरपे पाहिले आणि मला हसू आवरेना.

“आत्या, काय झालं?” भाचीने विचारले.

आमच्या, म्हणजे संगणकवाल्यांच्या, जमातीची खरी परीक्षा याच प्रश्नाला होते. आपला विनोद समजावून सांगावा लागला की तो मरतो, हे माहीत असूनही समजावून सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. मी तिला सांगितले, की इंटरनेटवरचे संगणक एकमेकांशी कसे बोलतात याचे नियम ‘आरएफसी’ नावाच्या दस्तऐवजांत लिहून ठेवलेले असतात. १९६९ पासून त्यांना ओळीने क्रमांक दिले जातात, त्यांची भाषा सरकारी परिपत्रकापेक्षाही कोरडी असते आणि तरी दर काही वर्षांनी १ एप्रिलला त्याच कोरड्या भाषेत कोणीतरी शुद्ध थट्टा छापून आणतो. आरएफसी ११४९ हा १ एप्रिल १९९० चा. डेव्हिड वेट्झमन यांनी लिहिलेल्या या दस्तऐवजात इंटरनेटची माहिती कबुतरांकरवी कशी पाठवावी याचे रीतसर मानक दिले आहे. माहितीचे पॅकेट, म्हणजे तिचा एक लहान तुकडा, कागदाच्या लहानशा गुंडाळीवर छापायचे, ती कबुतराच्या पायाला गुंडाळायची आणि चिकटपट्टीने पक्की करायची. ही सेवा विलंब जास्त, वेग कमी आणि उंचीही कमी अशा प्रकारची आहे, हे त्यात प्रांजळपणे नोंदवले आहे. एका खेपेचे नेहमीचे वजन २५६ मिलिग्रॅम सांगितले असून, वाहकाचे वय वाढते तशी ही क्षमता, वरवर विसंगत वाटले तरी, वाढतच जाते असेही म्हटले आहे. हे वाचताना मला दर वेळी दादा आठवतो. वीस वर्षांपूर्वी तो एका पाठपिशवीत आठवडा काढायचा, आता चार दिवसांसाठी त्याच्या एकट्याच्या दोन बॅगा असतात.

शिवाय या पद्धतीत वर्म शोधून नष्ट करण्याची सोय अंगभूतच आहे, असा एक फायदा तिथे दिला आहे. जाळ्यातून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामला आम्ही ‘वर्म’ म्हणतो आणि इंग्रजीत वर्म म्हणजे अळी, जी कबुतर टिपून खाते. मराठीत वर्म म्हणजे दुखरी जागा, त्यामुळे हा विनोद मराठीत सांगताना नेमके कुठे हसायचे ते कोणालाच कळत नाही आणि शेवटी माझ्याच वर्मावर बोट ठेवले जाते.

भाची हसली नाही, पण तिचे डोळे मोठे झाले. “असं खरंच कुणी केलं?”

केले होते! नॉर्वेतल्या बर्गन शहरातील, लिनक्स या संगणकप्रणालीच्या चाहत्यांच्या मंडळाने २८ एप्रिल २००१ रोजी हे मानक शब्दशः अमलात आणले. ‘आहेस का?’ असे एक संगणक दुसऱ्याला विचारतो आणि दुसरा ‘आहे’ म्हणतो, त्याला पिंग म्हणतात. एरवी याला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. त्या दिवशी असे नऊ प्रश्न कबुतरांच्या पायांना बांधून पाठवले गेले आणि त्यांपैकी चारांची उत्तरे आली. सर्वांत चपळ उत्तराला सुमारे ५३ मिनिटे लागली, सर्वांत आळशी उत्तराला पावणेदोन तासांहून थोडा जास्त वेळ लागला आणि संगणकाने नेहमीच्याच निर्विकारपणे ‘५५ टक्के पॅकेट हरवली’ असा अहवाल छापला. त्या एका ओळीसाठी मोठ्या माणसांनी एप्रिलच्या थंडीत अख्खा दिवस आकाशाकडे बघत काढला, याचे मला आजही अपार कौतुक वाटते.

भाची बराच वेळ विचार करत होती. मग ती म्हणाली, “पण आत्या, कबूतर तर फक्त आपल्या घरीच परत जातं ना? मग त्याला आधी दुसऱ्या ठिकाणी नेऊन कोण ठेवतं?”

“माणसं नेतात. पिंजऱ्यात घालून, गाडीतून.”

“मग चिठ्ठी गाडीतूनच का नाही पाठवत?”

दादाने वर्तमानपत्राआडून जो आवाज काढला, तो हसण्याचाच होता, हे मी खात्रीने सांगू शकते. ज्या मानकावर मी कित्येक वर्षे हसत आले, त्याच्या मुळाशी असलेली खरी गोची एका चौथीतल्या मुलीने दोन प्रश्नांत उघडी पाडली होती. हार मानायची नाही म्हणून मी तिला दक्षिण आफ्रिकेतल्या विन्स्टन नावाच्या कबुतराची हकिकत ऐकवली. २००९ मध्ये ४ जीबी माहिती असलेले कार्ड पायाला बांधून ते तासाभरात ठिकाणावर पोचले आणि कार्डावरची माहिती संगणकात उतरवून झाली, तेव्हा तीच माहिती पाठवणाऱ्या इंटरनेट जोडणीचे काम जेमतेम ४ टक्के झाले होते. पण माझे मलाच माहीत होते, की बाजू तिचीच बरोबर आहे. संगणकांच्या जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांना अँड्र्यू टॅनेनबाम यांनी नेमके हेच बजावून ठेवले आहे, की माहितीच्या टेपांनी खच्चून भरलेल्या आणि रस्त्यावरून धावत सुटलेल्या गाडीच्या वहनक्षमतेला कधी कमी लेखू नये.

विमानात चढण्याबद्दल फार लिहीत नाही. मागच्या रांगांना आधी बोलावण्याची पद्धत वरवर शहाणपणाची दिसते, पण त्यात एकाच भागातली सगळी माणसे एकाच वेळी वाटेत सामान चढवत उभी राहतात. जेसन स्टेफेन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने २००८ मध्ये संगणकावर हे मांडून पाहिले. खिडकीकडचे प्रवासी आधी, तेही एक रांग सोडून एक असे मागून पुढे सोडले, तर बरीच माणसे एकाच वेळी आपापले सामान ठेवू शकतात आणि वेळ खूप वाचतो, असे त्याला आढळले. हे सगळे मी वाटेत उभी राहून, माझी पिशवी वरच्या कप्प्यात कोंबत, मागे वळून दादाला सांगत होते. माझ्यामागे अडकलेल्या बारा-पंधरा प्रवाशांच्या चेहऱ्यांकडे लक्ष गेले, तेव्हा मी खाली बसले.

खरा प्रसंग उतरल्यावर घडला. सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर आमच्या चारपैकी तीन बॅगा आल्या. पट्टा रिकामा फिरू लागला, दिवे मालवले आणि माझी बॅग आलीच नाही. २५ टक्के पॅकेट हरवली, म्हणजे बर्गनच्या कबुतरांपेक्षा आमची कामगिरी कितीतरी सरस होती, असे मी म्हणून पाहिले. वहिनी दमलेली होती, ती काही बोलली नाही.

हरवलेल्या सामानाच्या खिडकीवरच्या बाईंनी अर्ज पुढे केला. बॅगेचा रंग काळा, आकार मध्यम, चाके चार. हे वर्णन जगातल्या निम्म्या बॅगांना लागू पडत असावे. पावतीवरचा दहा आकडी क्रमांकही मी लिहिला. त्यातला पहिला आकडा वगळून पुढचे तीन विमान कंपनीचे आणि उरलेले सहा बॅगेचे असतात, हे सांगण्याचा मोह मी महत्प्रयासाने टाळला.

“काही खास खूण?” बाईंनी विचारले.

माझ्या घशात आवंढा आला. खूण होती. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने त्या बॅगेवर तळहाताएवढे स्टिकर चिकटवले होते आणि ते पाहून कचेरीतले चौघे खळखळून हसले होते.

“त्यावर... ‘४०४ : सापडले नाही’ असं लिहिलंय.”

बाईंनी लिहिणे थांबवून वर पाहिले. “म्हणजे ती आधीपासूनच हरवलेली आहे का?”

मी स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडले आणि मिटले. कारण त्या क्षणी मला त्याहून वाईट गोष्ट आठवली होती. मागितलेले पान मिळाले नाही की वेबवर ४०४ हा संकेत येतो, आणि वेबच्या नियमांनुसार ५ ने सुरू होणारे संकेत म्हणजे चूक सेवा देणाऱ्याची आणि ४ ने सुरू होणारे म्हणजे चूक मागणाऱ्याची. दोष माझाच आहे, अशी लेखी कबुली मी स्वतःच्या हाताने बॅगेवर चिकटवून ती कंपनीच्या हवाली केली होती. बाईंनी ‘सापडले नाही असे लिहिलेली’ हे शब्द सावकाश, सुवाच्य अक्षरांत अर्जावर उतरवले आणि अजिबात न हसता शिक्का मारला. त्यांची तिळमात्र चूक नव्हती आणि त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी विचारले, हेही सांगायला हवे. त्या दिवशी आमच्याशी आपुलकीने वागलेल्या त्या एकट्याच होत्या.

खोलीवर पोचल्यावर भाचीने विचारले, “इंटरनेटवर पॅकेट हरवलं तर काय करतात?” उत्तर मिळाले नाही, तर पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो, असे मी म्हटले. तसे करता येते, कारण मूळ प्रत त्याच्याकडे असते. माझ्या कपड्यांची प्रत कपाटात नव्हती. शिवाय प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो, तो जास्तीत जास्त २५५. प्रत्येक नाक्यावर तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की ते पॅकेट टाकून दिले जाते, म्हणजे वाट चुकलेली पॅकेट अनंतकाळ भटकत राहत नाहीत. बॅगेला असे बंधन नाही. माझी बॅग त्या रात्री किती विमानतळ पाहून आली असेल, याचा हेवा करत मी वहिनीचा सदरा घालून झोपले. बॅगेत लॅपटॉपचा चार्जर होता आणि ‘असू दे, कधी लागेल सांगता येत नाही’ म्हणून घेतलेली पाच मीटर लांब नेटवर्क केबल मात्र माझ्या हातातल्या पिशवीत सुखरूप होती, हे कोणाला न सांगता मी ती उशाखाली ठेवली.

पुढच्या दोन दिवसांत समुद्र पाहिला, खूप गर्दी पाहिली आणि उन्हाने नाक सोलवटले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. खाली सामान पोचवणारी एक लहान गाडी उभी होती. चालकाने मागचे दार उघडले तेव्हा आत पंधरा-वीस बॅगा एकमेकींना टेकून बसल्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या काळ्या होत्या. तुमची कोणती ते ओळखा, असे तो म्हणाला. मी वाकून पावतीवरचा क्रमांक जुळवू लागले, तोवर भाचीने आत बोट दाखवले होते. “काका, ती कोपऱ्यातली. सापडले नाही लिहिलेली.”

चालकाने बॅग उतरवून दिली, सही घेतली आणि गाडी वळवून निघून गेला. भाची ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळली.

“बघ आत्या, गाडीनेच आली ना.”