तालीम सुटू नये म्हणून

१२ जानेवारी, सोमवार

आज पतसंस्थेत एका खातेदारानं विचारलं, "साहेब, या वयात रोज तालमीत जाता, कंटाळा येत नाही?" येतो. पौषातल्या थंडीत साडेचारचा गजर वाजला की हमखास येतो. चाळिशी उलटली, आता सकाळी गुडघेच आधी कुरकुरतात. पण तालमीत माझ्या वाटणीचं काम पडलेलं असतं, म्हणून उठावंच लागतं. आज हौदा, म्हणजे कुस्ती खेळायची माती, खणायची पाळी माझी होती.

रात्रभरात माती बसते. वरून पायाला मऊ लागते, पण खोरं घातलं की चार बोटं खाली टणक. एका कोपऱ्यातून सुरुवात करायची, वीतभर खोल खणायचं, माती उलटी टाकत मागं सरकायचं. ढेकळं हातानं फोडायची. खडा सापडला तर बाहेर फेकायचा, नाहीतर तो कुणाच्या तरी पाठीत नाहीतर कोपरात जातो. शेवटी फळी ओढून सगळं सारखं करायचं. चाळलेल्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबाचा रस मुरलेला असतो, त्यामुळं ती उलटली की आंबूस वास वर येतो. हा वास नाकात गेला की मला बरं वाटतं, लहानपणापासून. फळी ठेवली तेव्हा कंबर, खांदे, मनगटं तापली होती आणि मेहनतीला अजून हातही लावला नव्हता.

हुरूप मेहनतीच्या आधी येत नाही, अंगाला घाम फुटला की येतो, हे आता मला पक्कं ठाऊक आहे. पण घाम फुटेपर्यंत माणसाला तिथं आणायचं कुणी? नव्या वर्षात कितीतरी जण मनापासून व्यायाम सुरू करतात आणि महिनाभरात सोडतात. लोक त्यांना आळशी म्हणतात, मला ते पटत नाही. ती माणसं एकटी पडतात. आज आला नाहीस म्हणून कुणाचं काही अडलं, असं त्यांना सांगणारं कुणी नसतं.

१३ जानेवारी, मंगळवार

अंग मोडून आलं होतं. वस्तादांचा नियम आहे, "निम्मं मार, पण ये." म्हणून जोर मारले, सपाट्या थोड्या, बैठका गुडघ्यांना झेपतील तेवढ्या. दोरावर चढलो नाही. त्याऐवजी मानेची मेहनत नीट केली. पोरं मानेकडं दुर्लक्ष करतात आणि मग खालून पुलावर, म्हणजे डोकं आणि पाय टेकून पाठ उचलून, राहायची वेळ आली की ढिली पडतात.

निम्म्या दिवसाची किंमत मला फार वाटते. पूर्ण मेहनत जमत नाही म्हणून घरी बसलं की दुसऱ्या दिवशी निम्मीही जमत नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. १५ जानेवारी १९२६ चा त्यांचा जन्म, म्हणजे आज शंभर वर्षं झाली. आपल्याकडं हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. त्यांचं गाव गोळेश्वर आमच्या कराडच्या शेजारचंच, त्यामुळं इथल्या पोरांना १९५२, हेलसिंकी, ब्राँझ पदक हे सगळं तोंडपाठ असतं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर दुसरं यायला १९९६ साल उजाडलं, लिअँडर पेसचं.

पण आज वस्तादांनी पोरांना पदकाबद्दल विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "अठ्ठेचाळीस साली काय झालं?" सगळे गप्प. १९४८ ला खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले होते आणि फ्लायवेट वजनगटात सहावे आले होते. मातीत तयार झालेला मल्ल तिथं मॅटवर, परक्या नियमांनी लढला. परत आले आणि पुढच्या ऑलिंपिकसाठी पुन्हा मेहनतीला लागले. ही मधली चार वर्षं मला पदकाइतकीच मोठी वाटतात. त्या चार वर्षांत किती पहाटा अशा आल्या असतील की अंगही नाही म्हणालं असेल आणि मनही!

आणि हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं. तिथं बँटमवेट गटात जपानच्या इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाली, आणि पुरती विश्रांती न मिळता लगेच सोव्हिएत मल्लापुढं उभं राहावं लागलं. इशी सुवर्णपदक घेऊन गेला. खाशाबा ब्राँझ घेऊन कराडला उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचं कर्ज फेडलं.

जिद्द खाशाबांचीच, त्यात शंका नाही. पण ज्याच्यासाठी कुणी राहतं घर गहाण टाकलंय, तो पहाटे गजर बंद करून कूस बदलेल का? आपण पोरांना "मन खंबीर ठेव" एवढंच सांगून मोकळे होतो. त्यांच्यामागं उभं राहायचं काम मात्र आपलं, मोठ्यांचं आहे. संध्याकाळी तालमीच्या खुराकाच्या डब्यात माझ्या वाटणीचे पैसे टाकले. तीन-चार घरची पोरं अशी आहेत की दूध आणि बदाम त्यांना घरून जमत नाहीत.

१७ जानेवारी, शनिवार

ज्या पोराबरोबर माझी जोड असते तो परवा एका जत्रेत हरला. हलगी वाजत होती, सगळं गाव बघत होतं, आणि समोरच्यानं खडाखडीतच, म्हणजे सुरुवातीच्या झटापटीतच, ओढून एकचाक डावावर त्याला चीतपट केला. तेव्हापासून तो तालमीकडं फिरकला नव्हता. घरी विचारलं तर पोलीस भरतीचा अभ्यास चाललाय म्हणे. मैदानी चाचणी तोंडावर आलेली असताना धावायलाही जात नव्हता.

मला वाटलं वस्ताद त्याला बोलावून चार गोष्टी सांगतील. त्यांनी धाकट्या पोराकडून एवढाच निरोप धाडला, "शनिवारी हौद्याची पाळी तुझी हाय. तू न्हाई आलास तर ल्हान पोरं खणत्याल."

आज मी पोचायच्या आधी तो खोरं घेऊन हौद्यात उतरला होता. कुणाकडं बघत नव्हता. वस्तादही बोलले नाहीत. माती सारखी झाल्यावर त्यांनी मला खूण केली, "घ्या त्याला." थोडा वेळ झोंबी झाली. तो नुसता रेटत होता, डाव एकही टाकत नव्हता. मग एकेरी पटाला, म्हणजे माझा एक पाय धरायला, घुसला, पण मान खाली घालून. मी पाय मागं टाकून त्याच्या पाठीवर वजन दिलं आणि तो तोंडावर आला.

"मान वर!" वस्ताद पहिल्यांदाच ओरडले. "डोकं त्याच्या बरगडीला लाव. पाय छातीशी घे. आन् मग ऊठ."

दुसऱ्या वेळी तसाच गेला, अर्ध्यातून सुटला. तिसऱ्या वेळी त्याचं डोकं माझ्या बरगडीत इतकं घट्ट बसलं की मला पाय मागं घेताच आला नाही. त्यानं पाय उचलून छातीशी धरला, खांदा मांडीला लावला आणि मला पाठीवर टाकलं. पडल्यापडल्या मी मोठ्यानं "शाब्बास!" म्हणालो. तो हात देऊन मला उठवत म्हणाला, "अण्णा, आणखी एकदा करू. डाव्या पायावर जमतंय का बघतो."